चांदबिबी आणि तिची तडजोड

चांदबिबीचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या सोलापूर-नगर भागात विरळा. तोंडावर बुरखा, अंगात चिलखत आणि हातात नंगी तलवार घेऊन ती पडलेल्या तटाच्या खिंडारात उभी आहे, हे चित्र आपण सर्वांनी शाळेपासून मनात बाळगले आहे. चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि जी बाजू त्यात आलेली नाही तिच्याविषयी चार शब्द सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या दिवसांत मांडवात बसून. पण हमाल, तोलार आणि गिरणी कामगार यांच्या संघटनेत तीस वर्षे घालविल्यावर इतिहासातल्या काही गोष्टी निराळ्या दिसू लागतात. तट लढविणे कठीण असते हे सर्वांस मान्य आहे. तहाला बसणे किती कठीण असते, हे मात्र जो बसला त्यालाच कळते. चांदबिबीने आयुष्यात दोन्ही गोष्टी केल्या. लढाईबद्दल तिची कीर्ती झाली आणि तहाच्या विचाराबद्दल तिचा जीव गेला.

तिचा जन्म १५५० च्या सुमाराचा. अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) हुसेन निजामशहा हा तिचा बाप आणि खुंजा हुमायून ही आई. याच हुसेनशहाने नगरचा मातीचा भुईकोट १५५९ च्या सुमारास दगडात बांधून काढावयास घेतला. पुढे ज्या तटासाठी मुलगी प्राणपणाने लढली तो तट तिच्या बापाने उभारलेला होता. आईचीही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १५६५ मध्ये हुसेनशहा वारला तेव्हा मुलगा मुर्तजा लहान होता, आणि काही वर्षे खुंजा हुमायूनने राज्य चालविले. अखेर त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. हुसेनशहाच्या स्तुतीचे एक सचित्र फारसी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात बादशहाच्या शेजारी ही राणी चितारलेली होती, परंतु अनेक चित्रांतून तिची आकृती पुढे कोणीतरी पुसून टाकली आहे. कारभार करणाऱ्या बाईचे काय होते, याचा धडा चांदबिबीने घरीच पाहिला होता.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख यावर नगरचे निजामशहा आणि विजापूरचे आदिलशहा या दोघांचाही डोळा होता. १५२४ मध्ये विजापूरची शहाजादी मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले. विजापूरकरांनी मुलगी दिली, सोलापूर दिले नाही. त्या एका न दिलेल्या आंदणावरून पुढची चाळीस वर्षे लढाया झाल्या. शेवटी विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र येणे भाग पडले, तेव्हा १५६४ च्या सुमारास पुन्हा सोयरीक ठरली. चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, अलीची बहीण नगरच्या मुर्तजाला दिली, आणि चांदबिबीबरोबर सोलापूर आंदण म्हणून विजापूरला गेले. त्यानंतर १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली. आपल्या भागातली शेते, ओढे, बाजार आणि माणसे अशी दोनदा लग्नाच्या यादीत लिहिली गेली. सोलापूरला कोणी विचारले नाही, आणि त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीलाही विचारले नसावे. ती स्वतःच एका तहाचे कलम म्हणून सासरी गेली.

विजापुरात तिचे दिवस मात्र मानाने गेले. ती नवऱ्याबरोबर घोड्यावर बसून शिकारीस व मोहिमेवर जात असे. अरबी आणि फारसीबरोबर तिला मराठी व कानडीही येत असे, असे सांगतात. विजापूरची चांद बावडी ही मोठी विहीर अली आदिलशहाने १५७९ च्या सुमारास तिच्या नावाने बांधली. पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हते. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला आणि चांदबिबी त्याची पालक झाली.

येथून पुढे तिच्या आयुष्यातली खरी लढाई सुरू होते, आणि ती शत्रूशी कमी व घरच्यांशी जास्त आहे. कामिलखान नावाच्या कारभाऱ्याने सत्ता बळकावली. त्याला तिने किश्वरखानाच्या मदतीने दूर केले. मग किश्वरखानच माजला. त्याने तिला महालातून ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठविले. लोक आणि हबशी सरदार त्याच्यावर उठले, तो पळाला, आणि बिबी परत आली. ही बेबंदशाही पाहून नगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. म्हणजे माहेरच्या फौजेने सासरच्या गावाला वेढा घातला. त्या वेळी तिने भांडणाऱ्या सरदारांना एकत्र बसविले. मराठा घोडेस्वारांनी वेढा घालणाऱ्यांची रसद तोडली, आणि वर्षभराने वेढा उठला. पुढे दिलावरखानाने सत्ता घेतली, तेव्हा १५८४ च्या सुमारास ती माहेरी नगरला निघून आली. चौतीस वर्षांच्या बाईने एवढे पाहिले होते.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे इंग्लंडच्या गादीवर ट्यूडर घराण्याची एलिझाबेथ राणी होती. अली आदिलशहा ज्या वर्षी गादीवर आला त्याच १५५८ मध्ये तिचे राज्य सुरू झाले आणि ते १६०३ पर्यंत चालले. आमच्या वाचनात पुष्कळदा या दोघींची तुलना येते. आम्हांस एक फरक महत्त्वाचा वाटतो. एलिझाबेथला स्वतःचा मुकुट होता. चांदबिबीला कधीच नव्हता. तिने जे केले ते आधी पुतण्याच्या आणि मग नातवंडाच्या नावाने केले. हुकूम देण्याचा अधिकार नसताना लोकांकडून काम करून घ्यावे लागणे म्हणजे काय, हे संघटनेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

१५९५ मध्ये नगरचा सुलतान इब्राहिम विजापूरकरांशी लढताना पडला आणि दरबारात चार पक्ष झाले. मियाँ मंजू या दख्खनी सरदाराने अहमद नावाचा एक मुलगा गादीवर बसविला. तो निजामशाही रक्ताचाच नाही असा बोभाटा झाला. हबशांच्या एका पुढाऱ्याने दुसरे पोर उभे केले, अहंगखानाने तिसराच वारस काढला, आणि चांदबिबीने मेलेल्या सुलतानाचे तान्हे मूल बहादूर याचा पक्ष धरला. एका गिरणीत चार युनियन झाल्या म्हणजे मालकाला काही करावे लागत नाही. येथे तर मियाँ मंजूने स्वतःच पत्र पाठवून मालकाला बोलाविले. अकबराचा मुलगा मुराद गुजरातेत होता. तो आणि खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे ज्याचे दोहे आपण ऐकतो तोच रहीम, हे मोठी फौज घेऊन १५९५ च्या डिसेंबरात नगरच्या तटाखाली आले. तोवर मंजूला पश्चात्ताप झाला होता. किल्ला चांदबिबीच्या हवाली करून तो मदत आणावयास निघून गेला.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. ही बातमी मोगल छावणीतल्याच एका शिराझी सरदाराने रात्री किल्ल्यात पोचविली. आतल्या लोकांनी उलट खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच मुरादने तो उडविला. खणणारे जागीच गेले, तटाचा मोठा भाग कोसळला, आणि किल्ल्यातले सरदार पळण्याच्या बेतात आले. त्या क्षणी चांदबिबी खिंडारात येऊन उभी राहिली, ते आपले परिचित चित्र. दिवसभर हल्ले झाले आणि सर्व परतवले गेले. खंदक प्रेतांनी भरला.

आमच्या मते त्या दिवसापेक्षा त्यानंतरची रात्र अधिक महत्त्वाची आहे. रातोरात खिंडार पुरुषभर उंच बांधून काढण्यात आले आणि बिबी तेथून हलली नाही. दगड, माती, लाकूड, जे हाताला लागेल ते रचले. बंदुकीच्या गोळ्या संपल्या तेव्हा तिने तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर तोफेत भरले, असे सांगतात. ती दंतकथा असावी, परंतु तिच्यामागचा भाव खरा आहे. गवंडी, बेलदार, पाणके यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. दिवसभर लढून थकलेली माणसे रात्री पुन्हा दगड वाहतात ती हुकुमाने नव्हे. सांगणारी व्यक्ती आपल्यासमोर जागी आहे हे दिसते, म्हणून वाहतात.

सकाळी मुरादला भिंत दिसली. त्याच्या छावणीत धान्याची टंचाई होती, त्याचे व खानखानानाचे पटत नव्हते, आणि विजापूरहून सोहेलखान मदत घेऊन येत असल्याच्या वार्ता होत्या. त्याने बोलणे लावले. आणि चांदबिबीने ते स्वीकारले. वऱ्हाड मोगलांना द्यावे, वेढा उठावा, बहादूर हा निजामशहा म्हणून मान्य व्हावा, अशी तडजोड १५९६ च्या सुरुवातीस झाली.

जिंकत असता तिने प्रांत का दिला, असा प्रश्न पुष्कळांनी केला आहे. हिशेब मांडून पाहावा. किल्ल्यात दाणापाणी आणि दारूगोळा किती उरला होता, हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हते, तिला होते. एक रात्र भिंत बांधता येते, रोज नाही. मदतीची फौज वाटेवर होती, पण वाटेवरची फौज ही हातातली फौज नसते. आणि वऱ्हाड म्हणजे नगरचे मूळचे घर नव्हे. इमादशाही बुडवून मुर्तजाने तो प्रांत १५७४ मध्ये घेतला होता. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्याचे जे घेतले ते तिने सोडले, आणि किल्ला, गादी व माणसे राखली. काय सोडता येईल आणि काय सोडता येणार नाही हे ज्याला ठरविता येते, त्यालाच तहाला बसण्याचा अधिकार आहे.

अर्थात तो तह टिकला नाही. वऱ्हाडच्या हद्दीवरून वर्षभरातच पुन्हा ठिणगी पडली आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठी खानखानानाने दख्खनच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. तरीही त्या तडजोडीने नगरला चार वर्षे मिळाली. ती कशी वापरली गेली? बिबीने ज्या महंमदखानाला पेशवा नेमले तो आतून मोगलांना मिळाला. त्याला काढून अहंगखानाला नेमले, तर तो तिलाच कैद करावयास निघाला. तिने दरवाजे लावून घेतले, तेव्हा हा पेशवा आपल्याच राणीच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. तडजोडीने मिळालेला वेळ वाया घालविणारे लोक निराळे असतात, आणि दोष मात्र तडजोडीला लागतो.

१६०० मध्ये अकबर स्वतः दख्खनच्या तोंडाशी आला आणि त्याचा मुलगा दानियाल व खानखानान यांनी नगरला दुसरा वेढा घातला. अहंगखान घाट सोडून जुन्नरकडे पळाला. चांदबिबीने हमीदखान नावाच्या खोजाला बोलावून सल्लामसलत केली. काही ग्रंथांत त्याचे नाव जिताखान असे येते. तिचे म्हणणे असे होते की, या सरदारांच्या भरवशावर किल्ला आता राहत नाही. जीव व अब्रू यांची हमी घेऊन किल्ला द्यावा, आणि लहान सुलतानाला घेऊन जुन्नरला जावे. हमीदखान तेथून धावत बाहेर पडला आणि बिबी मोगलांना मिळाली, किल्ला विकते आहे, अशी ओरड त्याने किल्लाभर केली. जमाव महालात घुसला आणि त्याने तिला ठार केले. तो जुलै महिना होता. ज्या शिबंदीपुढे ती चार वर्षांपूर्वी खिंडारात उभी राहिली होती, तीच ही शिबंदी.

हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. त्याचे कारण सांगितले पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका बाजारात हमालीच्या दरासाठी संप झाला. दहाव्या दिवशीच दिसू लागले की पूर्ण मागणी पदरात पडत नाही. घराघरांतली ज्वारी संपली होती आणि किराणा दुकानदाराने उधारी बंद केली होती. आम्ही तिघांनी रात्री बसून तोड काढली. मागितलेल्या वाढीच्या निम्म्याहून थोडे अधिक घ्यावे आणि एकाही माणसाला कामावरून काढावयाचे नाही असे लिहून घ्यावे. सकाळी मांडवात सांगावयाचे ठरले. परंतु पुढारी विकले गेले ही बातमी रात्रीच गल्लोगल्ली फिरली होती. सकाळी मांडवात पाऊल टाकले तेव्हा एक चप्पल येऊन आमच्या खांद्यावर बसली. फेकणाऱ्याच्या घरी आम्ही आदल्याच आठवड्यात भाकरी खाल्ली होती. करार झाला, पुढे तो टिकला, आणि कोणाचेही काम गेले नाही. तो माणूस आजही भेटतो, चहा पाजतो. चपलेचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

त्या सकाळचा राग आम्ही पुष्कळ वर्षे मनात धरला. चांदबिबीची हकीकत वाचल्यावर त्यातली आमची चूकही दिसली. १५९६ मध्ये ती खिंडारात सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तिने तह केला तेव्हा तो कशाच्या बळावर आणि कोणत्या अडचणीत केला, हे शेवटच्या पाणक्यालाही ठाऊक होते, म्हणून तो सर्वांचा तह झाला. १६०० मध्ये तोच विचार बंद महालात एका माणसाच्या कानावर घातला गेला, आणि लोकांना तो त्या माणसाच्या तोंडून कळला. विचार बरोबर होता. तो ज्याच्या तोंडून बाहेर पडला ते तोंड चुकीचे होते. वेढ्यात अडकलेल्या राणीला शिबंदीची सभा भरविणे शक्य होते की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्हांला मात्र त्या रात्री मांडवात जाणे शक्य होते, आणि आम्ही सकाळची वाट पाहिली. लोक अडाणी असतात म्हणून चप्पल फेकत नाहीत. आपल्या पाठीमागे ठरले असे वाटले म्हणजे फेकतात.

बिबीला मारून किल्ला वाचला काय? नाही. ऑगस्टमध्ये मोगलांचे सुरुंग उडाले, तट पडला, आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. बालसुलतान बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला. गद्दार म्हणून जिला मारले, तिचे ऐकले असते तर यातली बरीच माणसे जगली असती.

आणि पुढची गोष्ट तर आपल्या उंबरठ्यावरची आहे. नगर पडले तरी निजामशाही संपली नाही. मलिक अंबर या हबशी सरदाराने मुर्तजा नावाचा दुसरा सुलतान उभा केला आणि राजधानी केली ती परांड्याला, बार्शीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. तेथून ती पुढे जुन्नरला आणि नंतर खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेली. किल्ला जातो तर जावो, राजा आणि माणसे घेऊन बाहेर पडावे आणि झुंज चालू ठेवावी, असे जे चांदबिबीच्या मनात होते, तेच मलिक अंबराने करून दाखविले. १६२६ मध्ये तो मरेपर्यंत मोगलांना दख्खन गिळता आला नाही, आणि निजामशाही १६३६ पर्यंत तगली. मालोजी आणि शहाजी हे भोसले याच निजामशाहीच्या चाकरीत वाढले. परांड्याच्या तटावर कधी गेलात तर मलिक अंबराबरोबर चांदबिबीचीही आठवण करावी, असे आम्हांस वाटते.

तिचे स्मारक म्हणून लोक नगरजवळच्या डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत दाखवितात आणि तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. दुसऱ्याच्या कबरीला लोकांनी तिचे नाव दिले, यावरून लोकांच्या मनात तिला केवढी जागा आहे ते कळते. नळदुर्गला अंमलदार म्हणून राहिलेल्या मेडोज टेलरने १८७८ मध्ये तिच्यावर इंग्रजीत कादंबरी लिहिली. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी जो ग्रंथ लिहिला त्याच्या आरंभीही तिचे नाव येते, आणि तिला आपल्याच माणसाने मारले याचाही उल्लेख येतो.

एक योगायोग सांगून पुरे करतो. ज्या १६०० साली चांदबिबी मारली गेली, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला एलिझाबेथ राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडे व्यापार करण्याची सनद दिली. तीच ईस्ट इंडिया कंपनी. २०३ वर्षांनी, १८०३ च्या ऑगस्टात, त्या कंपनीच्या फौजेने वेलस्लीच्या हाताखाली नगरचा किल्ला घेतला. तेव्हाही दख्खनचे सरदार एकमेकांत भांडतच होते.

शाळेच्या पुस्तकात तलवारीचे चित्र राहू द्यावे. मुलांना ते आवडते आणि ते खरेही आहे. पण मोठ्या माणसांनी त्याच्या शेजारी आणखी दोन चित्रे मनाशी ठेवावीत. एकात ती रात्रभर गवंड्यांपाशी उभी आहे. दुसऱ्यात ती बंद दालनात एका माणसाला खरी परिस्थिती सांगते आहे आणि तो माणूस दाराकडे वळला आहे. आपल्या गावात, आपल्या संस्थेत, आपल्या संघटनेत कोणी तडजोड घेऊन आला, तर त्याला गद्दार म्हणण्यापूर्वी कलमे वाचावीत. आणि जो तडजोड घेऊन येईल त्याने ती रात्रीच मांडवात येऊन सांगावी, सकाळची वाट पाहू नये.